ज्या लढतीला तुम्ही हो म्हटलं नाही

माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. शुद्धलेखन तर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर लिहायची वेळ आली ती सहीपुरती. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वर-खाली जातील, तेवढं माफ करा. तुमच्या तेरवीच्या पत्रिका उरल्या आहेत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. वैशाली म्हणाली, "आई, मी चांगले कागद आणून देते." पण या पत्रिका टाकून द्यायला हात धजत नव्हता आणि ठेवून तरी काय करायचं होतं. पुढच्या बाजूला तुमचा फोटो आहे. मी लिहिते तेव्हा तुम्ही पालथे असता, तुमची नजर माझ्यावर नसते, म्हणून थोडा धीर येतो.

तोंडावर मी तुमच्याशी फार बोलले नाही. तुम्हीच म्हणायचे, "हिचे शब्द आन सोनं एका भावात आहे, जपून खर्च करते." पाहुण्यांसमोर असं म्हणून हसायचे. मला राग यायचा नाही. तुम्ही माझ्या वाटचंही बोलत होता, ते मला बरंच होतं. आता घरात कोणी बोलत नाही. पंखा बोलतो तेवढाच.

सकाळी अजूनही दोन कप चहा मांडते. एक परत डब्यात ओतता येत नाही, मग तोही मीच पिते.

तुमचे हात मला सगळ्यात जास्त आठवतात. लग्न होऊन आले तेव्हा नळावरच्या बाया मला हळूच विचारायच्या, "मारते का वं? बॉक्सर आहे म्हनून विचारलं." मी नुसती मान हलवायची. त्यांना खरं वाटायचं नाही. तुम्ही कधी हात उचलला नाही, एवढंच नाही, तर घरात ताटली ठेवतानाही आवाज करत नव्हता. रोज संध्याकाळी व्यायामशाळेत जायच्या आधी दाराजवळच्या पाटावर बसून दोन्ही हात पुढे करायचे, आणि मी त्यांना बँडेज गुंडाळायची. आधी मनगट, मग अंगठा, मग बोटांच्या फटीतून. कसं गुंडाळायचं ते तुम्हीच शिकवलं. "घट्ट, पन रक्त चाललं पायजे," म्हणायचे. रात्री ते बँडेज धुवायचं, सकाळी दांडीवर वाळवायचं, दुपारी गुंडाळी करून ठेवायची. गल्लीत सगळ्यांच्या दांडीवर रंगवलेलं सूत वाळायचं, आपल्या दांडीवर तुमचं बँडेज. एवढ्या वर्षांत मी तुमचा चेहरा कमी पाहिला असेल, हात जास्त पाहिले.

म्हणून मला जे माहीत आहे ते हातांवरून माहीत आहे. तुम्ही सांगितलं म्हणून नाही.

म्हातारपणी तुम्हाला वैशालीच्या जुन्या मोबाइलवर परदेशातल्या कुस्त्या पाहायचं वेड लागलं. मी कुस्त्या म्हटलं की तुम्ही चिडायचे. "कुस्ती नाई वं, बॉक्सिंग!" शेजारचे बाबूराव यायचे, दोघं ओट्यावर बसून एकच मोबाइल मध्ये धरायचे आणि भांडायचे. कोणता तरी मोठा चॅम्पियन होता. त्याला एका जबर पोराशी लढायचंच नव्हतं.

"पाह्य न गा," बाबूराव म्हणायचे, "तो लाल चड्डीवाला याच्या मागं लागून राहिला, आन हा त्याले सोडून म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांशी खेळून राहिला. याले चॅम्पियन म्हनाचं?"

"तुले काय समजते बाबूराव? चॅम्पियन टाळत नसते. त्याचे लोक टाळतात. पैशाचं जुळलं पायजे, वजनाचं जुळलं पायजे, तारखेचं जुळलं पायजे."

"पोरीचं लगन आहे का गा हे? पत्रिका जुळवून राहिले!"

मग तुम्ही हसायचे, पण अर्धंच. आणि एकदा, बाबूराव फारच मागे लागले तेव्हा, मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "एक सांगू? चॅम्पियन ज्याचं नाव घेत नाई, त्यालेच तो भेते."

तुम्हीही एकेकाळी आपल्या व्यायामशाळेचे चॅम्पियन होतात. मी आत चहा गाळत होते. कसं काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग तुमचे लोक कोन होते?"

बाबूरावांनी चपला शोधायला सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, "चहा आन वं." मी चहा आणला. तुम्ही मोबाइल उचलला. आपलं भांडण एवढंच. पुढचं राहून गेलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वैशालीनं विचारलं, "आई, बाबा कोणाला टाळत होते का गं? बाबूराव काका काहीतरी बोलता बोलता थांबले." तिला आपल्या व्यायामशाळेची रीत सांगावी लागली. तिला जशी सांगितली तशीच इथे लिहिते. तुम्हाला नवीन नाही, पण लिहिलं की माझ्या मनात सरळ लागतं.

पट्टा एकाचा. तो ज्याच्या घरी, तो चॅम्पियन. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्यानं दसऱ्याच्या आधी चॅम्पियनच्या घरी यायचं, नारळ आणि पाचशे एक रुपये अनामत आणायची, आणि ती घरच्या बाईच्या हातात द्यायची. चॅम्पियनच्या हातात नाही, कारण तिथेच चकमक होते असं जुने लोक म्हणायचे. घरच्या बाईनं नाही म्हणायचं नसतं. पैसे चॅम्पियनच्या घरी देवाखाली राहायचे. चॅम्पियननं हो म्हटलं तर दसऱ्याला लढत, आणि जो जिंकेल त्याला ते पैसे. नाही म्हटलं तर सगळ्यांसमोर पैसेही परत आणि पट्टाही परत. रीत बांधणारे चांगले लोक होते. कोणी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

देवानंद पावसाळ्यात आला. तेव्हा तो नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायचा. उंच, हात लांब, डाव्या हाताचा. तुम्ही सेठच्या दुकानात सुताच्या गाठी उतरवायला गेला होता. तो दारात उभा राहिला, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "वहिनी, नारळ नाई आनला. आमच्यात ते सोडलं आहे. पैसे पुरे आहेत." मी दोन्ही हातांनी घेतले. नाही म्हणायचं नसतं, आणि मला म्हणायचंही नव्हतं. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, पण फळीवरचा वेगळा गिलास काढून. तो गिलास कोणता आहे ते त्यालाही कळलं. त्यानं पाणी पिऊन गिलास स्वतःच विसळून पालथा ठेवला.

तुम्ही घरी आलात. मी सांगितलं. तुम्ही गिलास पाहिला, सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्याच गिलासानं माठातलं पाणी काढून त्यांच्यासमोर उभ्यानं प्यायलात. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी व्यायामशाळेत तुम्ही म्हणालात, "नारळ आला नाई, तर आव्हान झालं कुठं?"

हे मला कधी समजलं नाही. जो माणूस तो गिलास तोंडाला लावतो तोच नारळ आडवा धरतो. जुन्या लोकांनी सांगितलं, नारळाचं काही नाही, पैसे आले म्हणजे आव्हान आलं. मग तुम्ही म्हणालात, त्याचं वजन बसत नाही. त्यानं वजन उतरवलं. मग सेठची सुताची गाडी आली, मग हात दुखायला लागला. तो परत आला, "वहिनी, काय म्हनते चॅम्पियन?" मी म्हणायची, "पाहू म्हनतात." तो नंतर पुन्हा आला. तेव्हाही "पाहू". त्याच्याशी खोटं बोलायला मला लाज वाटायची. पण तुम्ही खरंच पाहू म्हणाला होता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. तो दसरा गेला, मग दुसराही गेला.

पैसे देवाखाली राहिले नाहीत. सेठकडे काम नसलेला तो उन्हाळा तुम्हाला आठवतो. तुम्ही एक दिवस देवासमोर उभे राहिलात, हात जोडले आणि डबा उघडला. गहू आले, तेल आलं, वैशालीचं दूध आलं. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण त्यानंतर नाही म्हणायची सोय राहिली नाही, कारण नाही म्हटलं की सगळ्यांसमोर पैसे मांडावे लागले असते. आणि हो म्हणवत नव्हतं.

का म्हणवत नव्हतं, ते मला देवानंद येण्याच्या आधीपासून माहीत होतं.

तो घरी आला त्या वर्षीच्या चैत्रात तुम्ही सेठच्या ट्रकवर बसून सावनेरकडे गेला होता. खाणीच्या मैदानावर लढती होत्या, देवानंद त्यात होता. लोक म्हणत होते, एक पोरगा आहे, पाहून या. तुम्ही पाहून आलात. संध्याकाळी नेहमीसारखे पाटावर बसून हात पुढे केलेत. मी मनगटापासून सुरुवात केली. तुमची बोटं थरथरत होती. जोरात नाही. पिंपळाचं पान वारा नसताना हलतं तेवढी. मी वर पाहिलं नाही. तुम्ही म्हणालात, "थंडी आहे जराशी."

नागपूरचा चैत्र होता. दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसत होता. मी म्हटलं, "हो, आहे खरी," आणि बँडेज जरा घट्ट गुंडाळलं.

दोन दसरे टाळून झाल्यावर तुम्ही हात दुखतो म्हणून पट्टा आपण होऊनच व्यायामशाळेत नेऊन दिलात. हरला नाहीत. व्यायामशाळेच्या भिंतीवर तुमच्या नावापुढे अजिंक्य लिहिलं. देवानंदला खाणीत नोकरी लागली, तो सावनेरला गेला, खेळ सुटला. त्यानं पैसे कधी मागितले नाहीत. मला वाटायचं, विसरला असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

तुम्ही त्याचं नाव घरात कधी घेतलं नाही. खाणीची गोष्ट निघाली तरी "तो सावनेरवाला" म्हणायचे. मी तुमचं नाव घेत नाही ते रीत म्हणून. तुम्ही त्याचं का घेत नव्हता ते त्या दिवशी ओट्यावर तुमच्याच तोंडून आलं. तुम्हाला वाटलं तुम्ही मोबाइलमधल्या चॅम्पियनबद्दल बोलून राहिले.

पण मी एकट्या भीतीची गोष्ट करणार नाही. तो एक उन्हाळा सोडला तर पट्टा होता तोवर सेठचं काम होतं. सेठ पाहुण्यांना सांगायचे, "ये हमारा चॅम्पियन है," आणि तुम्ही खांद्यावर गाठ घेऊन उभे असायचे. पट्टा गेला असता तर गाठी उचलणारे गल्लोगल्ली होते. तुम्ही पडायला भ्यालात की आमच्या पोटासाठी भ्यालात, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हालाही सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. पुढे जमलं ते तुम्ही केलंच. वॉचमनची नोकरी केली. वैशालीला शिकवलं, तिचं प्रताप नगरात घर झालं, त्या घराची किल्ली तिनं पहिल्यांदा तुमच्या हातात दिली. किल्ली घेताना तुमचा हात थरथरला, तेव्हा तुम्ही थंडीचं नाव घेतलं नाही.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुम्ही होतात तेव्हा एका दुपारी मी विचारलं होतं. वैशाली औषधं आणायला गेली होती, आपण दोघंच होतो.

"देवानंदचे पैसे देऊन टाकाचे का?"

"कोन देवानंद?"

तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मी तुमची नखं काढत होते, तेव्हा तुम्हीच भिंतीकडे पाहत म्हणालात, "घेईन का तो?"

मी म्हटलं, "विचारून पाहू."

"पाहू," तुम्ही म्हणालात. आणि आपण दोघंही हसलो. त्या शब्दावर आपण पहिल्यांदाच मिळून हसलो. तुम्ही पुढे बोलाल असं वाटलं होतं. तेवढ्यात नर्स आली.

घाटावर देवानंद आला होता. मला नंतर बाबूरावांनी सांगितलं. सगळ्यांच्या मागे उभा होता, अग्नी दिल्यावर हात जोडून कोणाशी न बोलता गेला. बाबूरावांनी त्याचा पत्ता दुसऱ्याकडून घेऊन ठेवला होता. व्यायामशाळेचे लोक तेरवीच्या आधी फ्लेक्सचा मजकूर विचारायला आले. "काकू, नावापुढे अजिंक्य लिहू न? मोठं, लाल अक्षरात?" माझ्याकडे असं कोणी काही विचारत नाही, त्यामुळे मी आधी मागे पाहिलं, तुम्ही आहात का म्हणून. मग म्हटलं, "नाव लिहा. नावच पुरे." त्यांना वाटलं मला फोटो मोठा हवा आहे. त्यांनी फोटो मोठा केला.

मी परवा सावनेरला जाऊन आले. वैशाली सोबत यायची म्हणत होती. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "तू एकटी कधी बसमध्ये बसली आहेस का?" मी म्हटलं, बसायला काय लागते, बसाचं असते. तिला हसू आलं. तिनं मला बसस्टँडवर सोडलं, कंडक्टरला दोनदा सांगितलं, मग खिडकीशी येऊन मलाही सांगितलं. पैसे माझे होते. साड्यांना फॉल लावून जमवलेले. पाचशेच्या दहा नोटा नेल्या होत्या. वैशालीनं सांगितलं होतं, तेव्हाचे पाचशे म्हणजे आताचे पुष्कळ होतात.

देवानंदचं घर खाणीच्या रस्त्याला आहे. बसक्या घरावर वरचा मजला नवा चढवलेला. तो दारात बसून हरभरे सोलत होता. पाठ वाकली आहे, खोकला आहे, हात मात्र तसेच लांब. मला त्यानं लगेच ओळखलं.

"वहिनी! या, या. कमल, पाह्य कोन आलं. चॅम्पियनच्या घरची वहिनी."

त्याची बायको कमल पदराला हात पुसत बाहेर आली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली मुलांच्या शाळेतल्या ढाली. मला खुर्चीवर बसवलं. पाणी आलं, स्टीलच्या गिलासात. मी पूर्ण प्यायले आणि मला तो फळीवरचा गिलास आठवला. कदाचित त्यालाही आठवला असेल. मी नोटा पदरातून काढून पुढे ठेवल्या. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "अनामत राह्यली होती."

त्यानं नोटांना हात लावला नाही. हरभरेच सोलत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, पैशाचं मंग पाहू. मले एकच गोष्ट विचाराची आहे. आयुष्यभर कोनाले विचारली नाई."

"विचारा न भाऊ."

"मी वस्तीतला होतो म्हनून त्यानं मले घेतलं नाई का? एवढंच सांगा. नारळाची गोष्ट त्यानंच काढली होती. मी पोरांले तसंच सांगत आलो. पोरांले त्या व्यायामशाळेची पायरी चढू देली नाई."

कमल दारात उभी होती, तिनं खाली पाहिलं. मी पण खाली पाहिलं. मला समजत होतं, हो म्हणून मोकळं होता येईल. तुम्ही भिंतीवर अजिंक्य राहाल. लोक म्हणतील, जुन्या विचारांचा होता, त्या काळी तसंच होतं. आणि देवानंद आयुष्यभर जे मानत आला तेच घेऊन बसून राहील. नाही म्हटलं तर तुमचा अजिंक्यपणा माझ्याच तोंडानं जाणार होता. तुम्हाला विचारायची सोय नव्हती.

मी म्हटलं, "नाई भाऊ. ते तुमाले भेत होते."

हरभऱ्याचं साल त्याच्या बोटात तसंच राहिलं.

"कायवरून?"

मग मी सांगितलं. सावनेरच्या मैदानाचं, ट्रकचं, चैत्राचं, तुमच्या बोटांचं. आयुष्यात मी परक्या घरात एवढं बोलले नव्हते. गिलासाचंही सांगितलं, की तुम्ही त्याच गिलासानं पाणी प्यायला होता. तो म्हणाला, "ते मले दिसलं नाई न वहिनी. मले नारळ दिसला." ते खरं होतं. तुम्ही भीती झाकायला तोच नारळ उचललात जो त्याला सगळ्यात जास्त लागणार होता. ही गोष्ट मला तिथे त्याच्या घरात कळली. तुम्ही असता तर त्यावर मी तुमच्याशी भांडले असते, चहा मागितला असता तरी थांबले नसते.

"थंडी आहे म्हने?" देवानंद म्हणाला. "चैत्रात?"

"हो."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, कमलनं पाठीवर हात फिरवला. डोळे पुसले आणि स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहत राहिला.

"मीबी भेत होतो त्याले," तो म्हणाला. "तुमच्या दाराशी आलो का माये पाय लटपटाचे. पन मी आलो न वहिनी."

"आले तुमी."

"तिसऱ्या राउंडले पाडलं असतं मी त्याले."

हे मला सहन झालं नाही. "पाच राउंड तरी टिकले असते ते," मी म्हटलं. "पाच तं पक्के."

"अवं बाई!" कमल म्हणाली. "बोलत नाई, बोलत नाई, आन आता पाहा." तिघंही हसलो. तुम्ही ऐकायला हवं होतं. तुमच्या बाजूनं मी पहिल्यांदा कोणाशी तरी लढले, तेही तुम्ही घाबरत होता हे सांगितल्यावर.

चहा झाला. कमलनं मला सोललेले हरभरे बांधून दिले. मी नोटा पुन्हा पुढे सरकवल्या. मला वाटलं होतं तो म्हणेल, राहू द्या वहिनी, आता काय त्याचं. लोक तसं म्हणतात. तसं म्हटलं असतं तर मी ते परत घेऊन आले असते आणि ते तसंच राहून गेलं असतं.

तो तसं म्हणाला नाही. दहातली एक नोट त्यानं काढून घेतली, बाकीच्या नऊ माझ्या हातात दिल्या.

"मी उधार देल्ते का वहिनी? अनामत होती. अनामतीले व्याज नसते." आणि हात पुढेच ठेवून म्हणाला, "एक रुपया राह्यला."

माझ्याकडे एक रुपया नव्हता. कंडक्टरनं दिलेलं पाच रुपयांचं नाणं होतं, ते दिलं. तो उठला, आत जाऊन डब्यात शोधलं, चार रुपये आणून माझ्या तळहातावर एकेक ठेवले. मग नोट आणि नाणं सदऱ्याच्या खिशात टाकलं, वरून हात दाबला आणि म्हणाला, "झाले वहिनी. पुरे पाचशे एक."